मंगळवारचे नऊ होल आणि गुणांचा हिशेब

मिशिगन, ओहायो, इलिनॉय या पट्ट्यात मे उजाडला की ऑफिस सुटल्यावर गोल्फ कोर्सवर लीगवाल्यांची गर्दी सुरू होते. आठवड्यातला एक वार ठरलेला, नऊ होल, दोघादोघांच्या जोड्या, आणि ऑगस्टअखेर एक जोडी पहिली येते. डेट्रॉइटकडच्या मोटार कंपन्यांतले मराठी लोकही अशा लीगमध्ये दिसतात. दोन-तीन सीझन खेळून झाले की लीग चालवायची वेळ कधीतरी आपल्यावर येतेच, कारण आधीचा सेक्रेटरी कंटाळलेला असतो आणि नवीन माणूस अजून उत्साहात असतो. हे सगळं त्या नव्या सेक्रेटरीसाठी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. लीगचे नियम चांगल्या खेळाडूंसाठी लिहायचे नसतात. त्या मंगळवारी न आलेल्या माणसासाठी, पावसासाठी आणि दोघांनी कार्डावर वेगवेगळे आकडे लिहिले तर काय, यासाठी लिहायचे असतात. चांगला खेळणारा नियमांशिवायही नीट खेळतो. भांडणं होतात ती या तीन जागी, आणि नियम आधी लिहिलेला नसला की सेक्रेटरी जो निर्णय देईल तो पक्षपाती ठरतो.

वार, उजेड, वेळा

समजा १२ जोड्या आहेत, म्हणजे २४ खेळाडू. दोन जोड्या एकत्र खेळतात, म्हणून चौघांचे ६ गट. दर ९ मिनिटांनी एक गट सोडला तर पहिला ५ वाजता आणि शेवटचा पावणेसहाला निघतो. नऊ होलला सव्वादोन तास धरा. शेवटचा गट ८ वाजता परत येतो. डेट्रॉइटला जूनमध्ये सूर्य सव्वानऊच्या आसपास मावळतो आणि ऑगस्टअखेर आठच्या जरा पुढे. म्हणजे ऑगस्टपर्यंत गणित बसतं. १५ सप्टेंबरला मात्र सूर्यास्त ७:४० ला होतो, आणि शेवटच्या गटाला नववं होल दिसेनासं होतं. सीझन लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आत आटपण्याचं खरं कारण हे आहे. न्यू जर्सीत तर ऑगस्टअखेर साडेसातलाच सूर्य जातो, तिथे पहिला गट सव्वाचारला सोडावा लागतो किंवा शॉटगन स्टार्ट घ्यावा लागतो.

शॉटगन म्हणजे सगळे गट वेगवेगळ्या होलवरून एकाच वेळी सुरू. सगळे एकदम संपवतात, एकत्र जेवतात, निकाल तिथेच लागतो. पण त्यासाठी कोर्सला अख्खे नऊ होल तुमच्यासाठी अडवून ठेवावे लागतात. २४ जणांसाठी ते सहसा तयार होत नाहीत. ३६ जण असले, म्हणजे प्रत्येक होलवर चौघे, तर बोलणी करून बघायला हरकत नाही.

मे ते ऑगस्टमध्ये साधारण १७ मंगळवार मिळतात. त्यांची वाटणी अशी करा: पहिला आठवडा हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची, म्हणजे स्ट्रोकची, सवलत) ठरवायला, ११ आठवडे साखळी सामने, २ पावसासाठी राखीव, २ क्रमवारीचे सामने (पहिला विरुद्ध दुसरा, तिसरा विरुद्ध चौथा, असं खालपर्यंत) आणि शेवटचा एक स्क्रॅम्बल (चौघांचा एकत्र खेळ, शेवटी येतो) व जेवणाला. राखीव आठवडे कॅलेंडरवर छापूनच द्या. ते न ठेवलेली लीग जुलैत चिखलात रुतते, कारण बुडालेला सामना भरून काढायला चौघांची मोकळी संध्याकाळ शोधणं म्हणजे भिजत घोंगडं.

साखळीचं वेळापत्रक बसवायला सॉफ्टवेअर लागत नाही. वरच्या ओळीत १ ते ६ लिहा, खालच्या ओळीत उलटे १२ ते ७. उभ्या जोड्या हे पहिल्या आठवड्याचे सामने: १-१२, २-११, ३-१०, ४-९, ५-८, ६-७. आता १ ला जागेवर ठेवून बाकीचे सगळे एकेक घर घड्याळाच्या दिशेने सरकवा. दुसऱ्या आठवड्यात येतात १-११, १२-१०, २-९, ३-८, ४-७, ५-६. अकरा आठवड्यांत प्रत्येक जोडी प्रत्येकीशी एकदा खेळते. जोड्या विषम असतील तर एक रिकामी जोडी धरा. तिच्यासमोर जो येईल त्याला त्या आठवड्यात सुट्टी.

यात एक खोच आहे. डावीकडचा पहिला रकाना म्हणजे ५ ची वेळ, दुसरा ५:०९, असं सरळ लावलंत तर जोडी क्रमांक १ सीझनभर ५ वाजताच खेळते. ट्रॅफिकमधून उशिरा पोचणारी जोडी त्या जागी असेल तर दर मंगळवारी सगळ्यांना खोळंबा. म्हणून दर आठवड्याला वेळा एक रकाना पुढे सरकवायच्या. मग एकच जोडी सीझनभर पहिल्या वेळेला अडकत नाही.

हँडिकॅप

इथे दोन रस्ते आहेत. ज्यांच्याकडे अधिकृत हँडिकॅप इंडेक्स आहे त्यांचा तोच वापरा. २०२० पासून जगभर एकच वर्ल्ड हँडिकॅप सिस्टम आहे, तीत शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ ची सरासरी धरतात. नऊ होलसाठी इंडेक्स निम्मा करायचा, त्या नऊच्या स्लोपने (साध्या खेळाडूला कोर्स किती जड जातो याचा आकडा) गुणायचं, ११३ ने भागायचं आणि त्यात कोर्स रेटिंग (अव्वल खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) वजा पार (होलांसाठी ठरलेले फटके) मिळवायचं. इंडेक्स २०.४, स्लोप १२४, रेटिंग ३४.१, पार ३६ असेल तर १०.२ × १२४ ÷ ११३ = ११.२, त्यात उणे १.९, म्हणजे ९.३, पूर्णांकात ९.

पण हौशी लीगमध्ये निम्म्या लोकांकडे इंडेक्स नसतोच. तिथे घरगुती सूत्र बरं: शेवटच्या ५ स्कोअरपैकी सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट सोडा, उरलेल्या तिघांची पारच्या वरची सरासरी काढा आणि तिचे ९० टक्के घ्या. पार ३६ वर ४७, ४५, ५२, ४६, ४९ असे स्कोअर असतील तर पारच्या वर ११, ९, १६, १०, १३. त्यातले ९ आणि १६ गेले. उरलेल्यांची बेरीज ३४, सरासरी ११.३, ९० टक्के १०.२, म्हणजे हँडिकॅप १०.

दोन्ही पद्धती एकाच लीगमध्ये मिसळू नका. अधिकृत इंडेक्स माणसाची चांगल्या दिवसाची कुवत मोजतो, घरगुती सूत्र नेहमीचा खेळ मोजतं. मिसळले की इंडेक्सवाला दर आठवड्याला एखाद-दुसऱ्या स्ट्रोकने मार खातो आणि जूनमध्ये त्याच्या ते ध्यानात येतं. सगळ्यांना एकच फूटपट्टी लावा.

पहिल्या आठवड्यात कुणाचाच हँडिकॅप नसतो. तेव्हा त्या रात्रीच्याच स्कोअरच्या पारवरच्या आकड्याचे ९० टक्के धरायचे. वाईट खेळला तर हँडिकॅप वाढतो, चांगला खेळला तर कमी होतो, त्यामुळे कुणाचा फारसा फायदा नाही. या रात्रीचे गुण तक्त्यात धरूच नका. पाच स्कोअर जमेपर्यंत जेवढे असतील तेवढ्यांची सरासरी, आणि सोडायचं काही नाही.

मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप फुगवणारा एक तरी असतो. त्याच्यावर दोन कुलपं: प्रत्येक होलवर नोंदीसाठी कमाल स्कोअर ठेवा आणि हँडिकॅप एका आठवड्यात २ पेक्षा जास्त वर जाऊ देऊ नका. खाली मात्र कितीही येऊ द्या.

कमाल स्कोअर म्हणून नेट डबल बोगी उत्तम: पार अधिक २, अधिक त्या होलवर मिळणारे स्ट्रोक. पार ४ आणि एक स्ट्रोक मिळत असेल तर ७. त्याच्या पुढे गेलात तर बॉल उचला आणि पुढच्या होलकडे चला. काही लीग सोपं म्हणून पारच्या दुप्पट धरतात. चालतं, फक्त पार ३ वर ते फार लवकर लागतं आणि पार ५ वर फार उशिरा.

स्ट्रोक कुठल्या होलवर

नव्या सेक्रेटरीची सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. स्कोअरकार्डावर स्ट्रोक इंडेक्सची एक ओळ असते, १ ते १८, कठीण ते सोपं. बहुतेक कार्डांवर विषम आकडे पुढच्या नऊत आणि सम मागच्या नऊत वाटलेले असतात. आता तुमची लीग पुढचे नऊ खेळते आहे. अजितचा हँडिकॅप ६, समोरच्या माइकचा १०. फरक ४, म्हणजे माइकला चार होलवर एकेक स्ट्रोक. पुढच्या नऊचे इंडेक्स पहिल्या होलपासून असे आहेत: ७, ३, १५, १, ११, १७, ५, १३, ९. कुणीतरी कार्ड बघतो आणि म्हणतो, इंडेक्स १ ते ४ वर स्ट्रोक. या नऊत ४ पर्यंतचे आकडे दोनच आहेत, १ आणि ३. माइकचे दोन स्ट्रोक हवेत विरले, आणि दोघांनाही पत्ता नाही.

बरोबर रीत म्हणजे त्या नऊमधले आकडे लहान ते मोठे लावून नवा क्रम द्यायचा. इथे पहिले चार म्हणजे इंडेक्स १, ३, ५, ७. ही होल आहेत चौथं, दुसरं, सातवं आणि पहिलं. हा नवा क्रम एकदाच काढा, दोन्ही नऊंसाठी छापा आणि कार्डाच्या मागे चिकटवून द्या. त्याहून चांगलं, दर आठवड्याला कार्ड छापतानाच स्ट्रोकच्या चौकटीत ठिपका घाला. टीवर (होल जिथून सुरू होतं ती जागा) उभं राहून कुणाला गणित करायला लावू नका.

फरक ९ पेक्षा जास्त असेल तर प्रत्येक होलवर एक, आणि वरचे पुन्हा सर्वांत कठीण होलपासून दुसरा.

गुण

प्रत्येक जोडीत कमी हँडिकॅपवाला अ आणि दुसरा ब. अ खेळतो अ शी, ब खेळतो ब शी. होल जिंकलं तर २ गुण, बरोबरी १-१, हरलं तर ०. नऊ होलचे १८. नऊ होलचा नेट स्कोअर (मिळालेले स्ट्रोक वजा करून) ज्याचा कमी त्याला आणखी २, बरोबरीत वाटून. म्हणजे एका सामन्यात २०. दोन सामन्यांचे ४०, आणि जोडीच्या एकत्रित नेटला ४. एका रात्री एकूण ४४.

होलला १ आणि बरोबरीला अर्धा गुण, असंही करतात. अर्ध्या गुणांनी बेरजा चुकतात, म्हणून दुप्पट. ४४ हा आकडा तुमचा पहारेकरी समजा: दोन्ही जोड्यांची बेरीज ४४ आली नाही की कार्ड परत पाठवायचं, कारण विचारायचं नाही.

एका होलवर हे कसं दिसतं बघा. चौथं होल, पार ४, माइकला स्ट्रोक. अजित ५, माइक ६. माइकचा नेट ५, म्हणून १-१. कार्डावर मात्र ६ च लिहायचा, नेट नाही. सगळीकडे ग्रॉस (प्रत्यक्ष मारलेले फटके) लिहा आणि नेट तक्ता काढेल, हा नियम मोडला की पुढच्या आठवड्याचा हँडिकॅप चुकतो.

खऱ्या मॅच प्लेमध्ये (होलवारी जय-पराजय मोजणारा खेळ) पाच होलने पुढे आणि चार शिल्लक असलं की हात मिळवून मोकळे होतात. लीगमध्ये तसं करायचं नाही. आठव्या होलवरही २ गुण आहेत आणि नवव्यावरही, त्यामुळे हरणाऱ्याला शेवटपर्यंत खेळायला कारण राहतं. याच कारणासाठी सीझनचा तक्ता एकूण गुणांवर ठेवा, सामन्यांच्या जय-पराजयावर नको. २३-२१ ने हरलेली जोडी आणि ४०-४ ने हरलेली जोडी एकसारखी मोजली तर तळाच्या जोड्या जुलैनंतर यायच्या बंद होतात.

सोडलेल्या पुटचा (होलजवळचा छोटा फटका, न मारताच गेला असं धरलेला) प्रश्न हमखास निघतो. नियमाप्रमाणे पुट सोडणं हे मॅच प्लेमधलं, स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजणारा खेळ) बॉल होलमध्ये घालावाच लागतो. आपल्याकडे होलचे गुण आहेत आणि नेट बेरीजही आहे. तडजोड: पटरच्या ग्रिपच्या लांबीच्या आतला पुट सोडता येईल आणि एक फटका धरून लिहिला जाईल. त्याहून लांबचा मारायचाच.

हरवलेला बॉल, गैरहजर माणूस, पाऊस

बॉल शोधायला तीन मिनिटं, २०१९ पासून पाचाची तीन झाली. बॉल सीमेबाहेर गेला किंवा सापडला नाही तर मूळ नियमाने परत टीवर जायचं असतं. संध्याकाळच्या लीगमध्ये मागे तीन गट ताटकळत असताना ते परवडत नाही. त्यासाठी २०१९ पासून एक तयार स्थानिक नियम आहे: दोन पेनल्टी स्ट्रोक घेऊन, बॉल गेला त्या अंतराच्या आसपास फेअरवेच्या (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) कडेला ड्रॉप (बॉल हातातून खाली सोडणं), होलच्या जवळ जायचं नाही. टीवरचा फटका बाहेर गेला तर ड्रॉपनंतरचा फटका चौथा. लिहून ठेवा, नाहीतर कुणीतरी तो तिसरा मोजणार. मेमध्ये जमीन ओली असते, तेव्हा फेअरवेवर एका स्कोअरकार्डाच्या लांबीत बॉल पुसून ठेवायची मुभा द्या आणि जूनमध्ये काढून घ्या.

न येणाऱ्याने स्वतःच्या जागी बदली खेळाडू शोधायचा. सेक्रेटरीने नाही. सेक्रेटरीने फक्त ८-१० बदली खेळाडूंची यादी आणि त्यांचे हँडिकॅप तयार ठेवायचे. बदली स्वतःच्या हँडिकॅपने खेळतो, गुण जोडीला जातात. यादीबाहेरचा आणला तर त्या रात्रीचा स्कोअर लावून हँडिकॅप, पहिल्या आठवड्यासारखाच, आणि स्किन्समध्ये (होलवारी ऐच्छिक खेळ, खाली येतो) तो नाही.

बदलीही नाही मिळाला तर? काही लीग आलेल्याला सगळे २० देतात. हे वाईट. ज्या जोडीचा सामना त्याच आठवड्यात पडला तिला फुकट घबाड, आणि तक्ता बिघडतो. आलेल्याला १२, न आलेल्याला ८. न कळवता गैरहजर असेल तर १४ आणि ६. बेरीज २० च राहते. आलेला माणूस नऊ होल खेळतोच, त्याचा स्कोअर हँडिकॅपला धरला जातो. जोडीच्या नेटचे ४ गुण मात्र २-२ वाटायचे.

पावसाचा निर्णय एकाच माणसाने, साडेतीनच्या आत, व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ओळीत. मतदान घ्यायचं नाही. त्यानंतर खेळ थांबवायचा अधिकार कोर्सचा. भोंग्याचा एक लांब सूर म्हणजे धोका, तिथल्या तिथे थांबायचं, हातातला पुटसुद्धा मारायचा नाही. तीन सूर म्हणजे साधा थांबा, सुरू केलेलं होल पूर्ण करता येतं. दोन लहान सूर म्हणजे पुन्हा सुरू. सगळ्या गटांची पाच होल झाली असतील तर उरलेली होल १-१ आणि नेटचे गुण वाटून. त्याहून कमी असतील तर रात्र रद्द आणि राखीव आठवडा. अर्धवट फेरी हँडिकॅपला धरायची नाही.

पैसे

कोर्सची फी ज्याने त्याने काउंटरवर भरायची, लीगने मध्ये हात घालायचा नाही. लीगची वर्गणी वेगळी, पहिल्या टी टाइमच्या आधी, पूर्ण. बक्षिसं रोख देऊ नका. प्रो शॉपचं (कोर्सवरचं दुकान) क्रेडिट द्या, हँडिकॅपच्या स्पर्धेत हौशी खेळाडूने रोख बक्षीस घेणं नियमांत बसत नाही.

स्किन्स ऐच्छिक ठेवा. म्हणजे एखाद्या होलवर सगळ्यांत एकट्याचा सर्वांत कमी स्कोअर आला तर तो स्किन, दोघांचा आला तर कुणालाच नाही. ग्रॉसवर ठेवलंत तर त्याच तीन चांगल्या खेळाडूंना दर आठवड्याला मिळतं. पूर्ण नेटवर ठेवलंत तर पार ३ वर स्ट्रोक मिळणारा दोन मारून नेट एकवर पोचतो आणि सगळे डोळे वटारतात. होलला जास्तीत जास्त एक स्ट्रोक आणि पार ३ वर एकही नाही, ही वाट बरी चालते.

जोड्या जमत नसतील तर

आठ-दहा मित्रांचा गट आहे, निम्मे दर महिन्याला प्रवासात, मग जोड्यांच्या भानगडीत पडूच नका. स्टेबलफोर्ड खेळा. डॉक्टर फ्रँक स्टेबलफोर्ड यांची ही पद्धत १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबवर स्पर्धेत आली. हँडिकॅप लावून पारला २ गुण, बोगीला (पारपेक्षा एक जास्त) १, बर्डीला (एक कमी) ३, ईगलला (दोन कमी) ४, डबल बोगी (दोन जास्त) किंवा वाईट असेल तर शून्य. सगळीकडे नेट पार म्हणजे नऊ होलला १८. सीझनच्या १६ रात्रींतले सर्वोत्तम १० धरा. सहा रात्री बुडाल्या तरी कुणाचं बिघडत नाही, आणि गैरहजेरीचा वरचा सगळा परिच्छेद रद्द.

पुण्या-मुंबईकडे हीच पद्धत जास्त सोयीची. तिथे जूनमध्येही सव्वासातच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि तेवढ्यात पाऊस सुरू होतो, त्यामुळे ऑफिसनंतरचे नऊ होल बसत नाहीत. येरवड्याच्या कोर्सवर असो की चेंबूरच्या, शनिवार-रविवारची सकाळ आणि ऑक्टोबर ते मे हा काळ धरून १२ आठवड्यांतले ८ मोजा. कॅडी बॉलवर नजर ठेवून असतो, त्यामुळे तीन मिनिटांच्या नियमाची कटकट तिथे बरीच कमी.

शेवटचा मंगळवार

स्क्रॅम्बलमध्ये चौघेही मारतात, चांगला बॉल निवडतात, सगळे तिथून पुढे मारतात. गट पाडताना हँडिकॅपने २४ जणांची सहा-सहाचे चार थर करा आणि प्रत्येक थरातून एकेक चिठ्ठी काढा. गटाचा हँडिकॅप: सर्वांत कमीवाल्याचे २५ टक्के, मग २०, १५, १०. चौघांचे ४, ८, ११, १६ असतील तर १ + १.६ + १.६५ + १.६ = ५.८५, म्हणजे ६. प्रत्येकाचा टीवरचा फटका निदान एकदा वापरायचा ही अट ठेवा, नाहीतर तीन जण फक्त गाडीत बसून फिरतात. तक्त्यात पहिल्या जागेसाठी बरोबरी झाली असेल तर आधी आपसातला सामना बघा, तोही २२-२२ असेल तर क्रमवारीच्या दोन आठवड्यांचे गुण. हे जेवणाच्या आधी मोजून ठेवा, टेबलावर मोजायला बसलात की प्रत्येकजण मदतीला येतो.